मधुमेहातील स्नायूंचा अभिकोथ : एका दुर्मिळ उपद्रवाचा परिचय

मधुमेहाच्या उपद्रवांची गणना करावयास बसले असता डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू, हृदय आणि पाऊल ही नावे वैद्याच्या तोंडी सहज येतात. सुशिक्षित रुग्णालाही ती आता अपरिचित राहिलेली नाहीत. स्नायूचे नाव मात्र या गणनेत सहसा आढळत नाही. हे थोडे नवलाचेच म्हटले पाहिजे. कारण जेवणानंतर इन्सुलिनच्या प्रेरणेने रक्तातील शर्करा उचलून घेण्याचे काम शरीरात सर्वांत अधिक प्रमाणात करतात ते स्नायूच. मधुमेह दीर्घकाळ अनियंत्रित राहिला असता क्वचित याच स्नायूंचा एखादा भाग, रक्तात शर्करेची रेलचेल असतानाही, रक्तपुरवठा तुटल्यामुळे मृत होतो. रक्त न पोचल्यामुळे ऊतकाचा जो मृत्यू होतो त्यास वैद्यकीय परिभाषेत अभिकोथ असे म्हणतात. हृदयाच्या स्नायूचा अभिकोथ म्हणजेच लोकभाषेतील हृदयविकाराचा झटका होय. तसाच प्रकार मांडीच्या किंवा पोटरीच्या स्नायूत घडला म्हणजे प्रस्तुत विकार निर्माण होतो.

हा विकार दुर्मिळ आहे. जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात त्याचे नोंदलेले रुग्ण काही शेकड्यांतच मोजता येतील. मग त्याचा विचार करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर असे की, या विकारात रोगापेक्षा रोगाविषयीच्या गैरसमजापासूनच रुग्णाचे नुकसान अधिक होण्याचा संभव असतो. जो विकार विश्रांतीने शमतो त्यावर शस्त्र चालविले जाते, आणि ज्या मूळ कारणाकडे लक्ष पुरवावयाचे ते दुर्लक्षितच राहते.

विकाराचे स्वरूप

उदाहरणादाखल एका कल्पित रुग्णाचा विचार करू. डोंबिवलीस राहणारी आणि ठाण्यास नोकरी करणारी पंचेचाळीस वर्षांची एक स्त्री आहे असे समजावे. तिला मधुमेह जडून पंधरा वर्षे लोटली आहेत. सकाळी घाईने गाडी गाठावयाची, दुपारी मिळेल त्या वेळी डबा उघडावयाचा, रात्री उशिरा घरी परतावयाचे, या क्रमात इन्सुलिनची व जेवणाची वेळ कधी जुळते, कधी जुळत नाही. लघवीतून प्रथिन जाऊ लागले आहे आणि दृष्टिपटलावर एकदा लेसरचे उपचारही झाले आहेत. एके दिवशी स्थानकाचा पूल चढत असता उजव्या मांडीच्या पुढील भागात एकाएकी तीव्र वेदना सुरू होते. पडल्याचे किंवा मार लागल्याचे स्मरत नाही. दोन दिवसांत मांडी सुजते, हाताला टणक लागते, आणि पाऊल टेकणेही कठीण होते. ताप मात्र नसतो, किंवा असला तर अल्प असतो.

या वर्णनात विकाराची बहुतेक प्रमुख लक्षणे आली आहेत. आरंभ अकस्मात होतो, आघाताचा इतिहास नसतो, वेदना विश्रांतीच्या वेळीही राहते व हालचालीने वाढते. दुखऱ्या भागात कित्येकदा स्पर्शाला वेदनाजनक अशी गाठ लागते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनात तोवर नोंदलेल्या ११५ रुग्णांच्या १६६ प्रसंगांचा एकत्र विचार करण्यात आला होता. त्यावरून असे दिसते की, पाचांपैकी चारांहून अधिक प्रसंगी विकार मांडीत होता व उरलेल्यांपैकी बहुतेकांत तो पोटरीत होता. रुग्णांचे सरासरी वय चाळिशीच्या प्रारंभीचे, मधुमेहाचा काळ सरासरी चौदा वर्षांचा आणि स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिक होते. सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट अशी की, दहांपैकी सुमारे सात रुग्णांची मूत्रपिंडे आधीच बिघडलेली होती, आणि निम्म्याहून अधिकांच्या दृष्टिपटलांवर व मज्जातंतूंवर मधुमेहाचा परिणाम झालेला होता. तात्पर्य, हा विकार निरोगी अंगावर वीज कोसळावी तसा येत नाही. त्याच्यासाठी भूमी वर्षानुवर्षे तयार होत असते.

शोधाचा इतिहास

या विकाराचे पहिले वर्णन स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील आंगरवाल व स्टेनर या दोन संशोधकांनी १९६५ साली केले. त्यांनी दोन मधुमेही रुग्णांच्या स्नायूंतील विकृतीचे वर्णन करताना तिला जे नाव दिले त्यात ‘अर्बुदासारखी’ अशा अर्थाचे विशेषण होते. स्नायूतील ती गाठ इतकी अर्बुदासारखी, म्हणजे ट्यूमरसारखी, भासत होती. पुढे अनेक वर्षे अनेक रुग्णांच्या बाबतीत हाच भ्रम होत राहिला, आणि अर्बुदाच्या वा पुवाच्या शंकेने स्नायू उघडून पाहिल्यावरच खरा प्रकार ध्यानात येई.

हे वर्णन १९६५ पूर्वी का झाले नाही, याचाही विचार उद्‌बोधक ठरतो. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटो येथे लागला, आणि पुढल्याच वर्षी रुग्णांवर त्याचा उपयोग सुरू झाला. तत्पूर्वी तरुण वयात तीव्र मधुमेह जडलेला रुग्ण फार वर्षे जगतच नसे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे उपद्रव उत्पन्न होण्यास मात्र दहा-वीस वर्षांचा अवधी लागतो. म्हणजे इन्सुलिनने आयुष्य दिले, आणि त्या वाढलेल्या आयुष्यात शर्करेचे नियमन नीट न झाल्याने जे विकार प्रकट झाले त्यांपैकी हा एक होय.

कारणमीमांसा

शरीरातील स्नायूंना रक्ताचा पुरवठा मुबलक असतो. एक वाहिनी बंद झाली तरी शेजारच्या वाहिन्यांकडून रक्त पोचू शकते. म्हणूनच मधुमेह इतका सार्वत्रिक असूनही स्नायूंचा अभिकोथ इतका विरळा आहे. तो घडण्यासाठी केवळ एका वाहिनीचा नव्हे, तर त्या भागातील लहान वाहिन्यांच्या सबंध जाळ्याचाच ऱ्हास झालेला असावा लागतो.

रक्तातील शर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे सूक्ष्म रोहिण्यांच्या व केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि त्यांचा मार्ग अरुंद होतो. त्यातच मधुमेहात रक्त गोठविणाऱ्या काही घटकांचे प्रमाण वाढते व गुठळी विरघळविणारी यंत्रणा मंदावते. अशा स्थितीत एखाद्या लहान क्षेत्रातील प्रवाह थांबला की तेथील स्नायुतंतू मरू लागतात. त्यांच्या भोवती सूज येते. मांडीचे स्नायू ताणल्या न जाणाऱ्या घट्ट आवरणात बांधलेले असल्याने सुजेमुळे आतील दाब वाढतो, दाबामुळे आणखी वाहिन्या चेपतात, आणि नाशाचे क्षेत्र विस्तारते. रक्तप्रवाह काही अंशी पुन्हा सुरू झाला तरी प्राणवायूच्या अकस्मात आगमनाने उत्पन्न होणारी दाहक द्रव्ये दुखावलेल्या ऊतकाला अधिकच अपाय करतात, असाही एक विचार मांडला गेला आहे. या कारणांपैकी कोणते प्रधान व कोणते गौण, याचा अंतिम निर्णय झालेला नाही. मात्र दीर्घकाळच्या अनियंत्रित मधुमेहात त्या सर्वांचे मूळ आहे, याविषयी मतभेद नाही.

निदानातील चकवे

ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरात या विकाराचे निदान चुकण्यास काही स्थानिक कारणेही संभवतात. बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १८५४ साली लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. तेव्हापासून या गावांचे जीवन मुंबईच्या वेळापत्रकाशी बांधले गेले. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत अठरा लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक लोक राहत होते. यांपैकी असंख्य लोक रोज तास-दीड तास गाडीत उभ्याने प्रवास करतात. अशा माणसाची मांडी दुखू लागली तर ‘गर्दीत धक्का लागला असेल’, ‘पाय मुरगळला असेल’, असेच प्रथम वाटते. मग औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणली जाते, तेलाने जोरजोरात चोळले जाते आणि गरम पिशवीचा शेक दिला जातो. यांतील प्रत्येक उपाय अशा रुग्णाला अपायकारक ठरू शकतो. अनेक वेदनाशामके आधीच दुबळ्या झालेल्या मूत्रपिंडांना इजा करतात. मर्दनाने सुजलेल्या स्नायूला अधिक दुखापत होते. आणि मज्जातंतू बधिर झालेल्या रुग्णाला शेकाने त्वचा भाजली तरी कळत नाही.

रुग्ण वैद्याकडे पोचल्यावरही मार्ग सरळ नसतो. पाय एकाएकी सुजला म्हणजे खोल नीलेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शंका प्रथम घ्यावीच लागते, कारण ती सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. त्वचेखालील जंतुजन्य शोथ, स्नायूत पू होणे आणि स्नायूवरील आवरणाचा झपाट्याने पसरणारा जंतुदोष या गोष्टी मधुमेहात अधिक प्रमाणात आढळतात, आणि त्यांत विलंब घातक ठरतो. स्नायूत पू होण्याचा विकार तर उष्ण प्रदेशांत विशेष आढळत असल्याने आपल्याकडे त्याची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. पावसाळ्यात पोटरी दुखत असून ताप असेल तर लेप्टोस्पायरोसिसचाही विचार करावा लागतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई व आसपासच्या भागांत या रोगाची साथ आली होती, हे येथील वैद्यांच्या स्मरणात असेलच. याशिवाय मधुमेहातच मांडीतील मज्जातंतूंचा असा एक विकार होतो की ज्यात वेदना तीव्र असते व स्नायू हळूहळू झिजतो; परंतु त्यात सूज किंवा गाठ नसते. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या औषधांमुळे होणारे स्नायूंचे दुखणेही ध्यानात ठेवावे. ते बहुधा दोन्ही बाजूंस होते.

या गर्दीतून वाट काढावयाची ती तपासण्यांच्या साह्याने. सोनोग्राफीने नीलेतील गुठळी आहे की नाही ते कळते व पुवाचा साठा असल्यास तोही बहुधा दिसतो. रक्तातील श्वेत पेशींची संख्या या विकारात बहुधा वाढलेली नसते, तर रक्तपेशी खाली बसण्याचा वेग पुष्कळदा वाढलेला असतो. स्नायू फुटल्यावर रक्तात उतरणारे क्रिएटिन कायनेज हे एंझाइम वाढलेले सापडेल अशी अपेक्षा असते, परंतु अनेक रुग्णांत ते प्राकृत प्रमाणात आढळते. रुग्ण उशिरा येतो, आणि तोवर वाढ ओसरलेली असते. तेव्हा केवळ या एका तपासणीच्या आधारे विकार नाही असे ठरविणे धोक्याचे होय. सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे चुंबकीय अनुस्पंदन तपासणी, जिला सर्वजण एम. आर. आय. या नावाने ओळखतात. तिच्यात बाधित स्नायू, त्याभोवतीचे आवरण व त्वचेखालील ऊतक यांतील सूज स्पष्ट उमटते. या तपासणीत शिरेतून जे विशेष द्रव्य देतात ते मात्र मूत्रपिंडे फार बिघडलेल्या रुग्णास विचारपूर्वकच द्यावे लागते. बहुतेक वेळा त्यावाचूनही निदान होऊ शकते.

स्नायूचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, म्हणजेच जीवोतक परीक्षा, हा एके काळी निदानाचा मुख्य आधार होता. आता चित्र स्पष्ट असल्यास ती टाळावी असेच मत रूढ झाले आहे. या रुग्णांच्या जखमा लवकर भरत नाहीत, आणि छेद घेतल्याने बरे होण्याचा काळ लांबतो. लक्षणे विसंगत असली, उपचारांनी आराम पडत नसला किंवा पुवाची वा अर्बुदाची शंका दूर होत नसली, तरच तिचा अवलंब करणे युक्त होय.

उपचार

उपचारांचे सार थोडक्यात सांगता येते : विश्रांती, वेदनेचे शमन, शर्करेचे काटेकोर नियमन आणि धीर. बाधित पायावर भार देऊ नये. शर्करा आटोक्यात आणण्यासाठी बहुधा इन्सुलिनचा आश्रय करावा लागतो. रक्तातील बिंबिका चिकटू नयेत म्हणून अल्प मात्रेत ॲस्पिरिन देण्याचा प्रघात आहे. मात्र मूत्रपिंडांची व जठराची अवस्था पाहून वैद्यानेच ते ठरवावे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत बरे होण्यास सरासरी लागलेला काळ असा आढळला : बिंबिकारोधी व दाहशामक औषधे दिलेल्यांत साडेपाच आठवडे, केवळ विश्रांती घेतलेल्यांत आठ आठवडे आणि शस्त्रक्रियेने मृत भाग काढलेल्यांत तेरा आठवडे. रुग्णांची संख्या अल्प असल्याने आणि अधिक गंभीर रुग्णांवरच शस्त्रक्रिया झाली असण्याचा संभव असल्याने या आकड्यांना अंतिम प्रमाण मानता येणार नाही. तथापि त्यांचा रोख स्पष्ट आहे. तीव्र अवस्थेत व्यायामोपचाराची घाई करू नये. वेदना ओसरल्यावर हळूहळू चालण्यास प्रारंभ करावा.

याला काही अपवाद आहेत व ते तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजेत. तीव्र ताप येणे, लाली झपाट्याने पसरणे, त्वचेवर काळसर डाग किंवा फोड उमटणे, त्वचेखाली दाबले असता चरचर जाणवणे, रक्तदाब उतरणे, किंवा दिसणाऱ्या सुजेच्या मानाने वेदना अतोनात असणे, ही घातक जंतुदोषाची चिन्हे होत. तसेच स्नायूच्या आवरणातील दाब वाढून पाऊल बधिर, फिके वा थंड पडू लागले तर तेही तातडीचे लक्षण होय. अशा प्रसंगी शस्त्रक्रियेस विलंब करणे हाच अपराध ठरतो. जो विकार स्वतःहून शमणारा आहे त्यावर शस्त्र न चालविणे आणि जो प्राणघातक आहे त्यावर ते तत्काळ चालविणे, या दोहोंत विवेक करणे हेच येथे वैद्याचे खरे कसब होय.

स्नायूची सूचना

बहुतेक रुग्णांची मांडी काही आठवड्यांत बरी होते. परंतु तेवढ्यावर समाधान मानणे योग्य नव्हे. वर उल्लेखिलेल्या २००३ च्या समालोचनात जवळजवळ निम्म्या रुग्णांना हा विकार पुन्हा झाल्याचे आढळले, आणि तो पुष्कळदा दुसऱ्या पायात किंवा निराळ्या स्नायूत झाला होता. याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्या वाहिन्यांच्या ऱ्हासामुळे मांडीचा स्नायू मेला तोच ऱ्हास मूत्रपिंडांत, दृष्टिपटलांत व हृदयातही चाललेला असतो. म्हणून अशा रुग्णाची मूत्रातील प्रथिनाची, रक्तातील क्रिएटिनिनची, रक्तदाबाची, डोळ्यांची, हृदयाची आणि पावलांची परीक्षा त्याच वेळी झाली पाहिजे.

हे टाळता येण्याजोगे आहे काय? या विशिष्ट विकारापुरता प्रयोग कोणी केलेला नाही, व तो इतका विरळा असल्याने करणेही कठीण. परंतु त्याच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्मवाहिनी-विकृतीविषयी भक्कम पुरावा उपलब्ध आहे. अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ रुग्णांवरील १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने इन्सुलिनावलंबी मधुमेहात, आणि ब्रिटनमधील १९९८ सालच्या अभ्यासाने प्रौढ वयातील मधुमेहात, असे दाखवून दिले की शर्करेचे कसोशीने नियमन केल्यास डोळ्यांचे व मूत्रपिंडांचे उपद्रव निश्चितपणे कमी होतात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले, आणि शहरी भागात ते सुमारे ११ टक्के होते. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील सहा खेड्यांत माता व बालके यांचा जो अभ्यास चालविला, त्यातून असे दिसून आले की येथील नवजात बालक इंग्लंडमधील बालकापेक्षा वजनाने पुष्कळ हलके असते. परंतु त्याची चरबी त्या मानाने फारशी कमी नसते, कमी असतो तो स्नायू. सडपातळ दिसणाऱ्या देहातही चरबी अधिक व स्नायू अल्प, हे भारतीय मधुमेह्याचे वैशिष्ट्य होय. या गोष्टीचा अभिकोथाशी प्रत्यक्ष संबंध सिद्ध झालेला नाही, व तो जोडणेही अवाजवी होईल. परंतु शर्करा खर्ची घालणारा स्नायू ज्याच्यापाशी मुळातच थोडा आहे त्याने तो जपावा व वाढवावा, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

या परिसरात उपचारांच्या सोयींचा अगदीच अभाव आहे असे नाही. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये आहेत, आणि गल्लोगल्ली खाजगी वैद्यही आहेत. अभाव आहे तो वेळेचा. पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्या माणसाला तीन महिन्यांची सरासरी शर्करा दाखविणारी तपासणी करविण्यास, जेवणाची वेळ पाळण्यास किंवा वर्षातून एकदा डोळे दाखविण्यास सवड सापडत नाही. ‘काही त्रास तर नाही’ या समजुतीवर वर्षे निघून जातात. परंतु काही त्रास होत नसला तरी सूक्ष्म वाहिन्या त्या अवधीत नकळत बंद होत असण्याचा संभव असतो.

तेव्हा सामान्य वाचकाने या लेखातून दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी पुरे. पहिली अशी की, जुना मधुमेह असलेल्या माणसाची मांडी वा पोटरी मार न लागता एकाएकी दुखू व सुजू लागली, तर ती चोळू नये, शेकू नये, मनाने गोळ्या घेऊ नयेत. त्याच दिवशी वैद्याकडे जावे आणि मधुमेह किती वर्षांचा आहे ते न विसरता सांगावे. दुसरी अशी की, मांडी बरी झाली म्हणजे रोग बरा झाला असे समजू नये. दृष्टिपटल आणि मूत्रपिंड यांचा ऱ्हास बराच काळ मूकपणे चालतो. स्नायू मात्र वेदनेने बोलतो, आणि त्याचे म्हणणे वेळीच ऐकले तर पुढील हानीला पुष्कळ अंशी आळा घालता येतो.